नहपानाच्या चेहऱ्यावरचा शिक्का

(ओझर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दारणा गोदावरीला मिळते त्या संगमाजवळ, सिन्नर तालुक्यात, जोगलटेंभी नावाचं गाव आहे. इथून फार लांब नाही. समोर बसलेल्यांपैकी काहींची तिकडे सोयरीकही असेल. १९०६ साली या गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३ हजारांहून अधिक होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून त्यांचा वृत्तांत छापला आणि प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासातलं एक भांडण जवळपास मिटलं. सगळी नाणी मुळात एकाच राजाची, क्षहरात घराण्यातल्या शक क्षत्रप नहपानाची. मात्र त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा वरून मारलेला होता. तो राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी.

आजचा माझा विषय पत्रिकेत 'रोमन स्मारकशिल्प आणि राजकारण' असा छापलाय. तो मी सोडलेला नाही. पण रोमला जायचा रस्ता मी जोगलटेंभीवरून काढणार आहे, आणि त्याला कारण आहे.

असं एखादं नाणं भिंगाखाली धरून बघा. बोटाच्या पेरावर मावेल एवढी चकती. एका बाजूला राजाचं मस्तक, उजवीकडे तोंड केलेलं, आणि कडेने ग्रीक अक्षरं. अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत आहे. 'राजा क्षहरात नहपान याचं' एवढाच मजकूर. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर पुन्हा ब्राह्मीत व खरोष्ठीत. म्हणजे एका चकतीवर तीन लिप्या. आता यावर गौतमीपुत्राच्या टांकसाळीने काय केलं? मस्तकाच्या बाजूवर तीन कमानींचा डोंगर म्हणजे चैत्याचं चिन्ह आणि भोवती स्वतःचं नाव ठोकलं. मागच्या बाजूवर चार वर्तुळं जोडलेलं, ज्याला आपण उज्जैन चिन्ह म्हणतो ते. ठोकताना आधीचं काही घासून काढलं नाही. त्यामुळे चैत्याच्या कमानीखालून नहपानाचं नाक बाहेर येतं, कुठे कानामागचे केस दिसतात, कुठे ग्रीक अक्षरांची माळ अर्धवट राहते.

हे मस्तक आपल्याकडचं नव्हे. त्याआधी इथे चालायची ती आहत नाणी. त्यांच्यावर सूर्य, वृक्ष, डोंगर, प्राणी अशी चिन्हं असत, राजाचा चेहरा नसे. नाण्यावर राजाचं तोंड ही चाल वायव्येकडच्या ग्रीक राजांनी आणली आणि क्षत्रपांच्या काळात तिला समुद्रावरून येणाऱ्या रोमन दिनारांची जोड मिळाली. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तकात भडोच बंदराचं वर्णन आहे. तिथे रोमन सोन्याचांदीची नाणी उतरतात आणि स्थानिक चलनात बदलून घेताना फायदा होतो, असं लेखक सांगतो. पैठण, तेर, कल्याण ही नावंही त्यात आहेत. नहपानाला इतकी चांदी कुठून मिळाली, तर रोमन दिनार वितळवून, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं. आपल्याकडे चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. हे खरं असेल तर जोगलटेंभीच्या चांदीने तीन सत्ता पाहिल्या: आधी सीझरचा चेहरा, मग नहपानाचा, मग सातवाहनांचा डोंगर.

स्कॉट यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. या हजारो नाण्यांवर नाव एकाच राजाचं आहे, पण चेहरे एकसारखे नाहीत. वय वेगळं, नाकाची ठेवण वेगळी. इतकी, की ही एकाच घरातली वेगवेगळी माणसं असावीत असं त्यांना वाटलं. बहुधा साचे कोरणाऱ्या कारागिरांनी राजाला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यापुढे नमुना होता तो परदेशी नाण्यांचा. 'चेहरा असलेला राजा' एवढं बाजारात दिसलं की काम भागत होतं.

आता रोमकडे वळू, कारण चेहऱ्याचं राजकारण त्यांनी टोकाला नेलं. १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे सम्राट ऑगस्टसच्या बायकोच्या, लिव्हियाच्या बंगल्याच्या अवशेषांत ऑगस्टसचा संगमरवरी पुतळा निघाला. आज तो व्हॅटिकनमध्ये आहे. ऑगस्टस पंचाहत्तर वर्षं जगला, पण त्याचे पुतळे म्हातारे होत नाहीत. हाही ऐन तिशीतला वाटतो. उजवा हात भाषणाला उगारलेला. पाय अनवाणी, म्हणजे देवपंक्तीतला. पायाशी डॉल्फिनवर बसलेला मदन, कारण याचं कुळ व्हीनस देवीपासून निघालं असा दावा होता. आणि छातीवरच्या चिलखतावर खरी बातमी कोरलेली: पार्थियन माणूस रोमन सैन्याचा गरुडध्वज परत देतोय. हे निशाण रोमनांनी लढाईत गमावलं होतं आणि इ.स.पू. २० मध्ये ते परत आलं ते वाटाघाटीने. चिलखतावर मात्र त्याचा पराक्रम झाला. जनसंपर्क खातं असतं तर त्यांनीही हेच केलं असतं.

त्याच्यापुढची पायरी म्हणजे ट्रेजनचा स्तंभ, इ.स. ११३. सुमारे ३० मीटर उंचीच्या खांबाभोवती गुंडाळलेली, सुमारे २०० मीटर लांबीची दगडी पट्टी. अडीच हजारांच्या आसपास माणसं आहेत तीत. डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियातली दोन युद्धं. पूल बांधणं, झाडं तोडणं, जखमींना बांधणं, भाषणं, शरणागती, आणि शेवटी डेशियाचा राजा डेसेबलस शत्रूच्या हाती लागण्याआधी स्वतःचा गळा चिरून घेतो तो क्षण. ट्रेजन पुन्हा पुन्हा भेटतो, पण प्रत्यक्ष मारामारीत नाही. तो उभा राहून बघतो, बोलतो, आज्ञा देतो. वरच्या वेटोळ्यांतलं काम खाली उभ्या माणसाला दिसणारच नाही, हे करणाऱ्यांनाही कळत असणार. तरीही कोरलं. शिखरावर ट्रेजनचा पुतळा होता. तो कधीतरी गेला आणि १५८७ साली पोप पाचव्या सिक्स्टसने तिथे संत पीटरला उभं केलं. आजही तोच आहे.

राजा बदलला की रोममध्ये छिन्नी निघायची. सेप्टिमियस सिव्हेरसने इ.स. २०३ मध्ये फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, विजयकमान उभारली, तिच्यावर त्याच्याबरोबर कॅराकॅला आणि गेटा या दोन मुलांची नावं होती. बाप मेल्यावर कॅराकॅलाने २११ साली गेटाला मारलं. मग कमानीवरून गेटाचं नाव उतरवलं आणि मोकळ्या झालेल्या ओळीत राहिलेल्या दोघांची स्तुती भरली. धातूची अक्षरं बसवायला पाडलेली जुनी भोकं मात्र बुजली नाहीत, त्यामुळे आजचा अभ्यासक खाडाखोड वाचू शकतो. बर्लिनच्या संग्रहालयात या कुटुंबाचं लाकडी फळीवर रंगवलेलं गोल चित्र आहे: आई, वडील, एक मुलगा, आणि दुसऱ्या मुलाच्या जागी खरवडलेला डाग. पुढे ३१५ साली कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर ट्रेजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांतून काढलेली शिल्पं बसवली आणि त्यांचे चेहरे नव्या सम्राटासारखे घडवून घेतले. रोमन पद्धतीत चेहरा एकतर खरवडायचा किंवा त्याला दुसरा चेहरा द्यायचा.

आणि गौतमीपुत्र? त्याने नहपानाला हरवलं, त्याचं राज्य घेतलं, त्याची चांदी घेतली, आणि चेहरा तिथेच राहू दिला. वरून डोंगर मारला.

याला मी औदार्य म्हणणार नाही. हजारो नाणी वितळवून नव्याने पाडायची म्हणजे कोळसा, मजुरी, घट. ठोकून घेणं कितीतरी स्वस्त. पण एवढंच असतं तर ठसा दोन वेळा मारून खालचं पुसता आलं असतं. मला वाटतं, खालचं दिसण्यात फायदा होता. बाजाराला नहपानाच्या चांदीची ओळख होती, तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासावर नव्या मालकाने सही केली. आपल्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि फेरफाराचा नंबर पडतो. नाव वाचता येतं म्हणूनच जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे कळतं.

फेरफार म्हटलं म्हणून सांगतो, गौतमीपुत्राचा खरोखरीचा एक फेरफार आपल्याकडे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, ज्यांना त्या काळी त्रिरश्मी म्हणत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचा हुकूम कोरलेला आहे. वैजयंतीच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला पाठवलेला. गोवर्धन म्हणजे आजचं गंगापूरजवळचं गोवर्धन. मजकूर असा: अपर काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं आहे, तिथे सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अधिकाऱ्यांनी हात घालू नये. उषवदात हा नहपानाचा जावई. विजयी छावणीतून निघालेला हा हुकूम शत्रूच्या शेताचा आहे, आणि शत्रूचं नाव त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

याच्या खाली चोविसाव्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे आणि तो मला फार आवडतो. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने. काखडी गावी आम्ही शेत दिलं होतं, पण गावात वस्ती नाही, शेत कसलं जात नाही; तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. सहा वर्षांत गाव ओस पडलं! युद्धाने पडलं की दुष्काळाने, लेख सांगत नाही. पण विजयस्तंभावर असं वाक्य कधी कोरलं जात नाही. ट्रेजनच्या वेटोळ्यांत जाळलेली डेशियन गावं आहेत, ती फक्त विजयाची शोभा म्हणून.

उषवदाताचं स्वतःचं लेणं त्याच डोंगरात, दहाव्या क्रमांकाचं. त्यातले त्याचे लेख लांबलचक आहेत: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे व्यवसायसंघात, २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा मिळावेत, वगैरे. गौतमीपुत्राच्या माणसांना हा लेख खरवडायला अर्धा दिवस पुरला असता. त्यांनी हात लावला नाही. उलट तिसरं लेणं कोरताना दहाव्याचाच आराखडा समोर ठेवला, हे स्थापत्याच्या अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिलंय. ओसरी, खांब, सभोवती खोल्या, मागच्या भिंतीवर स्तूप, सगळं त्याच वळणाचं, फक्त थोडं जास्त भरीव. शत्रूच्या घराशेजारी त्याच्याच नकाशाचं, पण जरा मोठं घर बांधायचं. आपल्या गावांत हे दृश्य अनोळखी आहे असं मला वाटत नाही.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष आहेत. कमरेपर्यंतच दिसतात, खांद्यावर तुळया घेऊन जणू सगळं लेणं उचललंय. ट्रेजनच्या फोरममध्ये अशा उंच जागी हरलेल्या डेशियन कैद्यांचे पुतळे होते. आपल्याकडे भार वाहायला कैदी नाही ठेवले. डोळे वटारलेले, गोल पोटाचे यक्ष ठेवले. शकांचा पराभव डोंगरात कुठेही शिल्पात कोरलेला नाही.

मग पराभव सांगितलाय कुठे? याच ओसरीतल्या मोठ्या लेखात. गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, आई गौतमी बलश्रीने हे लेणं दान करताना तो लेख कोरवून घेतला. शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरात वंश निर्मूळ केला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित केलं, घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, हे सगळं तिथलंच. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण लेख नीट वाचला तर कळतं की बाई आधी मुलाची मूर्ती घडवते आहे. तोंड कसं, तर सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखं, चालणं हत्तीसारखं, बाहू नागराजासारखे लांब आणि भरदार, हात अभयदानाचं पाणी सोडून सोडून ओला झालेला. मग स्वभाव: अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नाखूश, आणि आईची सेवा अखंड करणारा. प्रिमा पोर्ताच्या पुतळ्यात जे संगमरवरात आहे, तेच इथे प्राकृतात आहे. ऑगस्टसनेही आपली कामगिरी लिहून ठेवली आणि ती त्याच्या समाधीपुढे धातूच्या पत्र्यांवर लावली गेली. पण ती तो स्वतः सांगतो, 'मी केलं, मी दिलं'. इथे म्हातारी आई सांगते. स्वतःला ती महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणवते. प्रचाराचं साधन म्हणून पाहिलं तर हे जास्त हुशारीचं आहे, कारण आईने केलेल्या कौतुकावर हरकत कोण घेणार?

म्हणून सातवाहनांना पुतळे ठाऊकच नव्हते, असं मात्र समजू नका. कल्याणहून जुन्नरकडे चढताना नाणेघाटात कोरीव लेणं आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स यांनी त्याची नोंद केली. बाजूच्या भिंतींवर सातकर्णीची राणी नागनिका हिचा यज्ञ-दानांचा मोठा लेख, आणि मागच्या भिंतीवर राजघराण्याची रांग: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. ही रांग जकातीच्या घाटात, जिथून प्रत्येक बैलतांडा जाणार तिथे कोरली. ऑगस्टसने इ.स.पू. २ मध्ये आपल्या फोरममध्ये हेच केलं होतं: एका बाजूला आपले पूर्वज, दुसऱ्या बाजूला रोमचे थोर पुरुष, प्रत्येकाखाली नाव आणि कर्तृत्व. आज दोन्हीकडची अवस्था जवळपास सारखी आहे. नाणेघाटात मूर्ती फुटून गेल्या, पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरली. रोममध्येही पुतळ्यांचे तुकडे आणि लेखांचे तुकडे.

चौकात धातूचा घोडेस्वार ही रोमन कल्पना आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. मार्कस ऑरेलियसचा घोडा मध्ययुगात वितळला नाही, कारण लोकांना तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन वाटला. त्यावरून युरोपने घोडेस्वार पुतळे घडवले. मुंबईचा काळा घोडा, म्हणजे युवराज एडवर्डचा पुतळा, १८७९ चा. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. ती पद्धत गेटावाली. पण पुण्यात निराळं घडलं. शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये बसवली ती इंग्लंडच्या युवराजाने. १९२८ मध्ये अनावरण केलं ते मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरने. पुतळा सासवण्याच्या विनायकराव करमरकरांचा. साचा रोमन, परवानगी साहेबाची, आणि घोड्यावर महाराज! नहपानाच्या नाण्यावर ठसा मारायची ती जुनी रीतच, असं मला ते बघताना वाटतं. आज तिथे जाणाऱ्या कुणाच्या मनात युवराजाची कोनशिला नसते.

शेवटी पांडवलेण्यातलाच एक लेख सांगून थांबतो. हायवेवरून तुम्ही नाशिक ओलांडून मुंबईकडे निघालात की डोंगर डावीकडे दिसतो. पायऱ्या चढून दहाव्या लेण्यात जा. बलश्रीने क्षहरात निर्मूळ झाले आणि शकांचा नाश झाला असं कोरवून घेतलं, त्याला शंभरेक वर्षं होऊन गेली. सातवाहन संपले, आभीर राजा ईश्वरसेनाचं राज्य आलं. त्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने इथे ठेव ठेवली. ती आपली ओळख शक अग्निवर्म्याची मुलगी आणि स्वतः शकाणी अशी करून देते. ठेव गोवर्धनच्या श्रेणींमध्ये: त्यांत पाण्याची यंत्रं बनवणारे आहेत, तेली आहेत. ओझरसारख्या विमानाच्या कारखान्याच्या गावात यंत्रवाल्यांच्या या श्रेणीचा उल्लेख मी मुद्दाम करतो. व्याजातून काय करायचं, तेही लिहिलंय: त्रिरश्मीवर जो भिक्षू आजारी पडेल, मग तो कुठल्याही दिशेने आलेला असो, त्याच्या औषधाचा खर्च. सतराव्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचंही दान आहे. शक आणि यवन, दोन्ही याच डोंगरात.

हे लेख मराठीतून वाचायचे असतील तर वा. वि. मिराशींचं पुस्तक वाचनालयातून मिळवा, आणि वरून ठसा मारलेली नाणी डोळ्यांनी पाहायची असतील तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत चौकशी करा.